रिक्रूटरला सीव्ही देण्याआधी: एका फुकट सेवेचं परीक्षण

प्लेसमेंट एजन्सी म्हणा, कन्सल्टन्सी म्हणा किंवा नुसतं रिक्रूटर म्हणा, नोकरी शोधणाऱ्याला ही सेवा एकच वचन देते: तुमचा सीव्ही योग्य माणसापर्यंत पोचवतो. वर पैसेही मागत नाही. म्हणून बहुतेक जण ती न पारखताच घेतात. पहिला फोन आला की सीव्ही, सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटीस पिरियड असं सगळं सांगून मोकळे होतात आणि मग आठवडेच्या आठवडे उत्तराची वाट पाहतात.

निकाल आधीच सांगायचा तर सेवा कामाची आहे, पण सगळ्यांच्या कामाची नाही. उत्तर न येणं हा तिचा सगळ्यात जास्त बोलला जाणारा दोष. सगळ्यात महाग पडणारा दोष मात्र दुसराच आहे. सीव्हीसोबत एखाद्या कंपनीत तुमची ओळख करून देण्याचा हक्कही रिक्रूटरकडे जातो. तो भलत्याच हातात पडला तर हवी असलेली कंपनी सहा महिने किंवा वर्षभर तुमच्यासाठी जवळजवळ बंद होते.

पैशाचा हिशेब आधी समजून घ्यावा, कारण बाकीच्या तक्रारींचं मूळ तिथेच आहे. रिक्रूटरची फी कंपनी भरते. सर्वाधिक चालणारी पद्धत 'कंटिन्जन्सी'ची, म्हणजे उमेदवार रुजू झाला तरच पैसे. फी पहिल्या वर्षाच्या पगाराच्या टक्केवारीत ठरते: कुठे ८.३३ टक्के म्हणजे एका महिन्याचा पगार, कुठे २० ते २५ टक्के. वरिष्ठ पदांसाठी 'रिटेन्ड सर्च' असतो. तिथे फी वार्षिक पगाराच्या एक तृतीयांशाच्या आसपास जाते आणि सहसा तीन हप्त्यांत मिळते, त्यातला पहिला काम हाती घेतानाच. कंत्राटी कामात एजन्सी स्वतःच तुम्हाला नोकरीवर ठेवते आणि कंपनीकडून मिळणारा दर व तुम्हाला दिलेला दर यांतला फरक तिचा.

कंटिन्जन्सीत एकाच जागेसाठी चार-पाच एजन्सी धावत असतात. समजा पाच एजन्सींनी प्रत्येकी चार सीव्ही पाठवले. वीसांतला एक रुजू होईल, एका एजन्सीला पैसे मिळतील, बाकी चौघींचं काम पाण्यात. शिवाय रुजू झालेला माणूस ६० ते ९० दिवसांच्या आत सोडून गेला तर फी परत करावी लागते किंवा फुकटात दुसरा उमेदवार द्यावा लागतो. रुजू झाल्यावर 'कसं चाललंय?' म्हणून अगत्याने येणारे फोन तीन महिन्यांनी थांबतात ते या मुदतीमुळे. या गणितात रिक्रूटर सीव्ही घाईने पाठवतो, कारण जो पहिला पाठवेल तो उमेदवार त्याच्या नावावर चढतो.

तर नावावर चढणं म्हणजे काय, ते नीट पाहू. कंपनीच्या भरती सॉफ्टवेअरमध्ये, ज्याला एटीएस म्हणतात, सीव्ही आला की तुमचा ईमेल आणि फोन नंबर यांवरून आधीची नोंद शोधली जाते. कंपनी आणि एजन्सी यांच्या करारात बहुधा असं कलम असतं की ज्या एजन्सीने उमेदवार आधी पाठवला, त्याची फी पुढचे ६ किंवा १२ महिने तिचीच. आता दोन एजन्सींनी तोच सीव्ही पाठवला की दोघी फीवर हक्क सांगणार. हा वाद निस्तरण्यापेक्षा उमेदवारच बाजूला ठेवणं कंपनीतल्या एचआरला सोपं वाटतं. तुमची चूक शून्य, नकार तुम्हाला. आणि कारण कोणी कळवत नाही.

याचीच दुसरी बाजू थेट अर्जाची. एजन्सीने मार्चमध्ये तुमचा सीव्ही एका पदासाठी पाठवला, तुम्हाला न सांगता. ऑगस्टमध्ये तुम्ही त्याच कंपनीच्या वेबसाइटवरून दुसऱ्याच पदासाठी अर्ज केला. करार कडक असेल तर तुम्हाला घेण्यासाठी कंपनीला आता त्या एजन्सीला फी द्यावी लागते. तुमच्याच तोडीचा, फी न लागणारा दुसरा अर्ज शेजारी पडलेला असेल, तर कोणाला बोलावतील हे उघड आहे. उलट, तुम्ही आधी थेट अर्ज केलेला असेल आणि ते न सांगता एजन्सीला हो म्हटलं, तर एजन्सीची फी बुडते आणि ती तुमच्यासाठी पुन्हा धडपडत नाही.

यावर उपाय साधा आहे, पण तो पहिल्या दिवसापासून पाळावा लागतो. कंपनीचं नाव कळल्याशिवाय सीव्ही पुढे पाठवायला संमती द्यायची नाही, आणि संमती लेखीच द्यायची. मजकूर एवढाच पुरतो: 'अमुक कंपनीतल्या अमुक पदासाठी, जॉब आयडी अमुक, माझा सीव्ही पाठवायला माझी संमती आहे. ही संमती फक्त या पदापुरती आहे. इतर कोणत्याही कंपनीला किंवा पदासाठी सीव्ही पाठवण्याआधी मला विचारावं.' ईमेलच करावा. तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते. पुढे दोन एजन्सींचा वाद झालाच, तर हाच ईमेल कंपनीच्या एचआरला पाठवून 'मी फक्त हिला परवानगी दिली होती' असं सांगता येतं, आणि असं सांगितलं की पुष्कळदा गाठ सुटते.

सोबत एक तक्ता ठेवा, वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये. रकाने असे: तारीख, एजन्सी, बोलणाऱ्याचं नाव, कंपनी, पद, जॉब आयडी, संमतीची तारीख, सीव्हीची कोणती आवृत्ती दिली, कोणता पगार सांगितला, पुढे कधी विचारायचं. शेवटून तिसरा आणि दुसरा हे रकाने लोक गाळतात आणि तिसऱ्या महिन्यात फसतात. दोन रिक्रूटरना दोन वेगळे अपेक्षित पगार सांगितलेले असतात आणि दोघेही एकाच समूहाच्या कंपन्यांसाठी काम करत असतात.

रिक्रूटर कंपनीचं नाव का लपवतो? बहुतेक वेळा भीती एवढीच की तुम्ही थेट अर्ज कराल आणि फी जाईल. कधी कधी खरंच गुप्तता असते: ज्याच्या जागी माणूस शोधताहेत तो अजून त्याच खुर्चीत बसलेला असतो. पहिल्या फोनला नाव न सांगणं समजण्यासारखं आहे. पण तुमचा सीव्ही बघून झाल्यावर, तो पाठवायच्या आधी, निदान फोनवर तरी नाव सांगितलंच पाहिजे. तेही नाकारत असेल तर तिथेच थांबावं. जॉब डिस्क्रिप्शन हातात आलं असेल तर त्यातलं एखादं वेगळं वाटणारं वाक्य अवतरणचिन्हांत घालून सर्च इंजिनमध्ये टाका. मूळ जाहिरात बऱ्याचदा सापडते, कारण पदाचं नाव बदलण्याचे कष्ट घेतले तरी खालचा मजकूर जसाच्या तसा उतरवलेला असतो.

पहिल्याच फोनवर रिक्रूटरचा दर्जा कळतो, फक्त प्रश्न नेमके हवेत. जागा नवी आहे की कोणी सोडून गेलं म्हणून रिकामी? किती दिवस उघडी आहे? हे काम तुमच्याकडे एकट्याकडे आहे की इतर एजन्सींकडेही? तुम्ही स्वतः त्या टीमच्या मॅनेजरशी बोललात का? आतापर्यंत किती जणांच्या मुलाखती झाल्या आणि ते कशावर अडले? पगाराची मर्यादा काय, फेऱ्या किती? मॅनेजरशी बोललेल्या रिक्रूटरकडे जाहिरातीत नसलेली एखादी तरी गोष्ट सांगायला असते: टीम किती जणांची, आधीचा माणूस का गेला, पहिल्या सहा महिन्यांत काय उभं करून हवंय. जो जाहिरातच वाचून दाखवतो, त्याच्या आणि मॅनेजरच्या मधे एचआर आहे, कधी त्याच्याही आधी आणखी एक मुख्य एजन्सी आहे. अशा साखळीत तुमचा प्रश्न वर जायला चार दिवस आणि उत्तर खाली यायला चार दिवस लागतात.

तुम्हाला येणाऱ्या प्रश्नांकडेही डोळे उघडे ठेवून पाहा. 'सध्या आणखी कुठे मुलाखती चालू आहेत?' हा प्रश्न काळजीपोटी विचारल्यासारखा वाटतो. त्याचं उत्तर मिळालं की कोणत्या कंपनीत जागा आहे हे रिक्रूटरला कळतं, आणि तो तिथे आपले दुसरे उमेदवार घेऊन जाऊ शकतो. 'दोन ठिकाणी, एकीकडे शेवटची फेरी' एवढंच सांगा, नावं नकोत. सीव्ही दुसऱ्यांदा जाऊ नये म्हणून नावं हवीत असं म्हणाला, तर त्यानेच आधी कंपनीचं नाव सांगावं, मग तुम्ही हो किंवा नाही सांगावं. तसंच मुलाखत ठरण्याआधीच दोन माजी मॅनेजरांचे नंबर रेफरन्स म्हणून मागितले जातात. त्या मॅनेजरांना नवे ग्राहक म्हणून गाठण्यासाठी हे नंबर कधी कधी वापरले जातात. रेफरन्स ऑफरच्या टप्प्यावर द्यावेत, आणि ज्यांचे देणार त्यांना आधी विचारून.

सीव्हीचं पुढे काय होतं तेही बघायला हवं. एजन्सी तुमचा सीव्ही वर्ड फाइलमध्ये मागते, त्यातून ईमेल आणि फोन नंबर काढते, वर स्वतःचं बोधचिन्ह लावते. इथपर्यंत ठीक. पण काही ठिकाणी जाहिरातीतले शब्द तुमच्या कौशल्यांत घुसवले जातात, दोन नोकऱ्यांमधलं अंतर तारखा सरकवून बुजवलं जातं. मुलाखतीत ज्या तंत्राबद्दल विचारतात ते तुम्ही कधी लिहिलेलंच नसतं. तारखांचा फरक तर ऑफर मिळून गेल्यावर, पार्श्वभूमी तपासणीत बाहेर येतो, आणि खोटेपणाचा ठपका एजन्सीवर येत नाही. म्हणून संमतीच्या ईमेलमध्येच लिहा की कंपनीला जाणारी अंतिम प्रत मला पीडीएफमध्ये पाठवा. मुलाखतीला स्वतःची प्रत सोबत ठेवा. मांडणीही साधी ठेवलेली बरी: एकच स्तंभ, नेहमीचे मथळे. फोन नंबर आणि ईमेल हेडर-फूटरमध्ये घालू नयेत, तक्ते आणि चित्रातला मजकूर टाळावा. सीव्ही वाचणारी पुष्कळ सॉफ्टवेअर तिथलं वाचताना गडबडतात.

भलत्याच पदांचे ईमेल का येतात, याचं उत्तरही यंत्रणेत आहे. रिक्रूटर जॉब पोर्टलच्या डेटाबेसमध्ये दोन-चार शब्द टाकून शोधतो आणि जेवढे निघतील तेवढ्यांना एकगठ्ठा निरोप पाठवतो. आठ वर्षांपूर्वी एका प्रकल्पात वापरलेली भाषा तुमच्या कौशल्यांच्या यादीत असेल, तर तुम्ही त्या शोधात येणारच. जे काम पुन्हा करायचं नाही ते प्रोफाइलच्या यादीतून काढून टाका. अनुभवाच्या वर्णनात राहू दे. आणि शोधाचे निकाल बरेचदा अलीकडच्या हालचालीनुसार लावले जातात, म्हणून नोकरी शोधण्याच्या काळात आठवड्याला एकदा तरी प्रोफाइल उघडून काहीतरी अद्ययावत करावं.

आता त्या मौनाबद्दल. 'फीडबॅक यायचाय', 'प्रोफाइल होल्डवर आहे' ही वाक्यं ऐकून माणूस खचतो, स्वतःतच खोट शोधू लागतो. पण मौनाची बरीचशी कारणं उमेदवाराशी संबंधित नसतात. बजेट गोठतं. आतल्याच कोणाला बढती मिळते. मॅनेजर बदलतो आणि पदच नव्याने लिहिलं जातं. काही वेळा पहिली पसंती दुसऱ्याला असते आणि त्याने ऑफर स्वीकारेपर्यंत तुम्हाला राखीव ठेवलेलं असतं. रिक्रूटरला हे माहीत असतं, पण सांगितलं तर तुम्ही निघून जाल म्हणून तो गप्प राहतो. नकाराचं नेमकं कारण लेखी देणं कंपन्या कायदेशीर वादाच्या धास्तीने टाळतात, त्यामुळे रिक्रूटरलाही 'जमलं नाही' यापलीकडे काही कळत नाही. या सगळ्यातून एवढं खरं की नकार कळवायला दोन ओळींचा निरोप पुरतो, आणि मुलाखत झालेल्या उमेदवाराला तोही न देणं हा या सेवेतला अक्षम्य दोष आहे. रजा टाकून, तयारी करून, तीन फेऱ्या दिलेल्या माणसाला उत्तर मिळालंच पाहिजे.

पाठपुरावा करायचा तो तारखा बांधून. सीव्ही पाठवल्याचं कळल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांनी एकच प्रश्न: कंपनीच्या सिस्टिममध्ये तो नोंदला गेला का, की 'आधीच नोंद आहे' असं उत्तर आलं? मुलाखत संपताना रिक्रूटरला विचारून ठेवायचं, निर्णय कधीपर्यंत अपेक्षित आहे. ती तारीख उलटून पाच कामकाजाचे दिवस गेले की लेखी विचारणा. त्यानंतर आठवड्याने शेवटचा निरोप: 'अमुक तारखेपर्यंत कळलं नाही तर ही प्रक्रिया माझ्याकडून संपली असं मी धरेन.' हा शेवटचा निरोप कमालीचा उपयोगी पडतो. कारण तुम्हाला राखीव ठेवलं असेल तर उत्तर येतं, आणि नसेल तर तुमचं मन मोकळं होतं.

पगाराच्या बोलणीत रिक्रूटर तुमच्या बाजूने असतो असं मानलं जातं, आणि टक्केवारीची फी असल्याने ते पटतंही. हिशेब करून पाहा. पगार १०० धरा, फी २० टक्के, म्हणजे २०. तुमच्यासाठी भांडून पगार ११० केला तर फी २२. तुम्हाला १० मिळाले, एजन्सीला २, आणि त्यातलाही एक हिस्साच त्या रिक्रूटरच्या हातात पडतो. पण ताणून धरताना ऑफर गेली तर त्याचे पूर्ण २० जातात. त्यामुळे 'घेऊन टाका, याहून जास्त मिळणार नाही' असं तो मनापासून म्हणतो. मर्यादेचा आकडा आधी त्याच्याकडून काढून घ्या आणि स्वतः आकडा सांगताना किमान न सांगता अपेक्षित सांगा. किमान सांगितलेला आकडाच ऑफर होऊन परत येतो. सध्याचा पगार सांगणं सगळीकडे बंधनकारक नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ मध्ये कायदा करून असा प्रश्न विचारण्यावर बंधन आणलं, आणि युरोपीय संघाच्या २०२३ च्या वेतन पारदर्शकता निर्देशात कंपन्यांनी उमेदवाराला आधीचा पगार विचारू नये असं म्हटलं आहे.

ऑफर तोंडी आली की रिक्रूटर राजीनाम्याची घाई करतो. त्याच्या दृष्टीने तुमचा राजीनामा म्हणजे व्यवहार पक्का. तुमच्या दृष्टीने तो तेव्हा पक्का, जेव्हा सही केलेलं ऑफर लेटर हातात असतं, त्यात पद, एकूण पगाराची फोड, रुजू होण्याची तारीख आणि अटी असतात, आणि पार्श्वभूमी तपासणी हीच अट असेल तर ती पूर्ण झालेली असते. सध्याची कंपनी थांबवू पाहते तेव्हा 'थांबलेले लोक सहा महिन्यांत जातातच' अशा टक्केवाऱ्या ऐकवल्या जातात. तो आकडा कोणत्या अभ्यासातला, हे विचारावं. निर्णय मात्र आपण नोकरी बदलायला का निघालो होतो, ते कारण पाहून घ्यावा.

ही सेवा कोणाला घ्यावी? एकाच क्षेत्रात चार-पाच ते पंधरा वर्षं काढलेल्या आणि तेच काम दुसरीकडे करू पाहणाऱ्या माणसाला ती खरोखर फळते. अशा जागा कधी कधी जाहिरातीत येतही नाहीत, आणि त्या क्षेत्रातला जुना रिक्रूटर कोणत्या मॅनेजरला काय चालतं हे सांगू शकतो. क्षेत्र बदलणाऱ्याला, नुकतं शिक्षण संपवलेल्याला, मोठ्या खंडानंतर परतणाऱ्याला या वाटेवर बहुतेक निराशाच येते. कंपनी फी भरते ती तयार माणसासाठी. शिकवून तयार करावा लागेल असा माणूस तिला फीशिवाय मिळतो. या लोकांनी आपला वेळ ओळखीतून मिळणाऱ्या शिफारशींवर आणि थेट अर्जांवर घालवावा. आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते: एजन्सी ज्या कंपनीचं काम करते, त्या कंपनीतले लोक ती सहसा उचलत नाही, तसा करारच असतो. एखाद्या नावाजलेल्या एजन्सीचा तुम्हाला कधीच फोन येत नसेल, तर तुमची सध्याची कंपनी तिची ग्राहक आहे का ते पाहा.

संख्येचं विचाराल तर तुमच्या क्षेत्रातले दोन किंवा तीन रिक्रूटर पुरेत. दहा जणांना सीव्ही दिला की तो दुसऱ्यांदा जाण्याचा धोका वाढतो, संधी तेवढ्या वाढत नाहीत, कारण दहाही जण त्याच जागांमागे असतात.

पैसे मागणाऱ्यांबद्दल थोडक्यात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या करार क्रमांक १८१ मधल्या कलम ७ नुसार खाजगी एजन्सींनी कामगारांकडून थेट किंवा आडमार्गाने फी अथवा खर्च घेऊ नये. देशांना काही मर्यादित अपवाद ठेवता येतात. नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉपची अनामत, व्हिसाची फाइल अशा नावाखाली रक्कम मागितली, मुलाखत फक्त चॅटवर घेतली, ईमेलच्या पत्त्यात कंपनीच्या नावाचं एक अक्षर इकडचं तिकडे असलं, तर पुढे बोलू नका. ओळखपत्रांच्या प्रती ऑफरनंतरच द्या. मूळ कागद कधीच देऊ नका.

शोध संपल्यावर एक काम राहतं, आणि ते हमखास विसरलं जातं. तक्त्यातल्या प्रत्येक एजन्सीला लिहा की संमती आजपासून संपली, माझा सीव्ही यापुढे कोणालाही पाठवू नये, आणि आतापर्यंत तो कोणाकोणाला, कधी पाठवला त्याची यादी द्यावी. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यातल्या कलम १५ खाली आपली माहिती मागण्याचा आणि कलम १७ खाली ती पुसून टाकायला सांगण्याचा हक्क आहे. इतर ठिकाणीही असं पत्र पाठवायला काही अडचण नाही. आलेली यादी तक्त्याशी ताडून पाहा. ज्या कंपनीचं नाव यादीत आहे पण तक्त्यात नाही, तिच्यासमोर सीव्ही पाठवल्याची तारीख लिहून ठेवा. तिथे थेट अर्ज करायचा असेल तर त्या तारखेपासून बारा महिने मोजून करा.